दुरून डोंगर, जवळून माणसे

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण ज्या कोणा पूर्वजाने रचली, त्याच्या गळ्यात कॅमेरा नव्हता हे उघड आहे. असता, तर डोंगर दुरून साजरे दिसतात खरे, पण छायाचित्रात ते मुंगीएवढे येतात, अशी पुस्ती त्याने नक्की जोडली असती. सहलीला गेलेल्या प्रत्येक गृहस्थाचा हा अनुभव आहे. डोळ्यांना सिंहगड केवढा थोरला दिसत असतो! घरी येऊन चित्र पाहावे, तर निम्मे आभाळ, निम्मा रस्ता आणि दोहोंच्या सांध्यावर एक काळपट रेघ. मग पाहुण्यांना त्या रेघेवर बोट ठेवून सांगावे लागते, "हा बरं का सिंहगड!" पाहुणे सभ्य असले तर "वा!" म्हणतात.

या दुखण्यावर झूम भिंग हे औषध आहे असे मी बरीच वर्षे ऐकत होतो. माझे आपले एका ५० मिलिमीटरच्या साध्या भिंगावर चालले होते. त्यात झूम नाही. चित्र मोठे हवे तर पुढे चालत जा, लहान हवे तर मागे सरका, आणि मागे विहीर असली तर आपले नशीब. अखेर गेल्या दसऱ्याला २४ ते २०० मिलिमीटरचे झूम भिंग घरात आले. दर आठवड्याच्या दीड स्तंभात न मावणारा विषय दिवाळी अंकासाठी राखून ठेवायचा, असा या सदराचा प्रघात आहे. शिवाय नव्या वस्तूविषयी आठ दिवसांत लिहिले तर ती जाहिरात होते. वर्षाने लिहिले तर त्याला अनुभव म्हणतात. म्हणून आज, वर्ष उलटल्यावर, हा हिशेब वाचकांपुढे मांडत आहे.

भिंग घरी आले त्या दिवशी सौभाग्यवतींनी त्याची किंमत सोन्याच्या भावात मोजली आणि त्या गप्प बसल्या. कन्या मात्र गप्प बसणारी नव्हे. ती म्हणाली, "बाबा, फोनमध्ये झूम असतो की! दोन बोटांनी ताणायचं, झालं!"

तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. आता कित्येक फोनांत दूरचे टिपायला निराळे भिंग बसवलेले असते. पण त्या भिंगाची मर्यादा संपली की पुढचे ताणणे म्हणजे टिपलेल्या चित्राचाच एक तुकडा कापून तो मोठा करून दाखवणे. पुरणपोळी लहान पडली म्हणून ती लाटण्याने आणखी लाटावी, तसे. आकार वाढतो, पुरण तेवढेच राहते. झूम भिंगाची गोष्ट वेगळी. ते दूरच्या वस्तूची मोठी प्रतिमा मुळात सेन्सरवर पाडते, आणि त्यामुळे बारीक तपशीलही त्या प्रतिमेबरोबर येतो.

हे घडते कसे, तेही थोडक्यात सांगतो. झूम भिंग हे एक भिंग नव्हेच. ती भिंगांची पलटण असते. नळीच्या आत काचेच्या कितीतरी चकत्या गटागटाने बसवलेल्या असतात. बाहेरचे कडे फिरवले की आतले गट एकमेकांपासून दूर किंवा जवळ सरकतात आणि त्या साऱ्या पलटणीचे मिळून जे नाभीय अंतर होते, ते बदलते. शाळेत मेणबत्ती, भिंग आणि पडदा घेऊन केलेला प्रयोग आठवा. तेच हे अंतर. ते वाढले की प्रतिमा मोठी होते आणि दृश्याचा कोन आवळतो. माझ्या कॅमेऱ्यात २४ मिलिमीटरला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ८४ अंश दिसतात. २०० ला सुमारे १२. म्हणजे एका टोकाला सगळी पंगत, दुसऱ्या टोकाला एकाच्या पानातली जिलेबी.

युक्ती जुनी आहे. असल्या रचनेचे पेटंट अमेरिकेत क्लाइल ॲलन यांना १९०२ सालीच मिळाले होते. सिनेमाच्या कॅमेऱ्यांना ती आधी लाभली. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी पहिले झूम भिंग बाजारात आले ते १९५९ साली. 'फोग्टलेंडर झूमार', ३६ ते ८२ मिलिमीटरचे, डॉ. फ्रँक बॅक यांनी रचलेले. १९६३ साली निकॉनचे ४३ ते ८६ मिलिमीटरचे आले. जाणती मंडळी तेव्हा या भिंगांना नाके मुरडत, आणि त्यात तथ्य होते. एका अंतरासाठी घडवलेले भिंग जितके रेखीव चित्र देई, तितके हे सर्वसंचारी भिंग देत नसे. पुढे भिंगांचे गणित संगणक करू लागला, काचेवरचे लेप सुधारले, आणि फरक इतका उरला नाही. उरला आहे तो वजनात आणि उजेडात. माझे भिंग अर्ध्या किलोहून जड आहे. दिवसभर गळ्यात घालून हिंडलो की रात्री मान तेल मागते.

उजेडाचे गणित मात्र प्रत्येक हौशी माणसाने समजून घ्यावे. या भिंगाचे सर्वांत मोठे छिद्र २४ मिलिमीटरला एफ/४ असते, आणि २०० ला एफ/६.३. हे आकडे उलटे चालतात. आकडा मोठा तितका उजेड कमी. हिशेब केला तर २०० च्या टोकाला सेन्सरवर पडणारा उजेड २४ च्या मानाने चाळीस टक्केच उरतो. त्यात हात हलला तर दूरचे चित्र अधिक हलते. जुना नियम असा की भिंग जितक्या मिलिमीटरचे, निदान सेकंदाच्या तितकाव्या भागात शटर मिटले पाहिजे. २०० मिलिमीटरला एक दोनशेवा भाग. नव्या भिंगांत हाताची थरथर सावरणारी यंत्रणा असते, तिच्यामुळे हा नियम बराच सैल करता येतो. पण ती सावरते आपला हात. समोर पळणाऱ्या नातवाला ती धरून ठेवत नाही. तात्पर्य, संध्याकाळी पाचनंतर दूरच्या टोकाशी फार सलगी करू नये.

पहिली मोठी परीक्षा कोजागरीला झाली. गच्चीवर दूध आटत होते, चंद्र माथ्यावर आला होता आणि सारी बिऱ्हाडे माझ्या भिंगाकडे डोळे लावून होती. २०० मिलिमीटरला चंद्र केवढा यावा? त्याचेही एक सोपे गणित आहे: नाभीय अंतराला ११० ने भागा. २०० भागिले ११० म्हणजे १.८ मिलिमीटर. सेन्सरची उंची २४ मिलिमीटर. म्हणजे चित्राच्या उंचीचा जेमतेम तेरावा हिस्सा! बत्ताशाएवढा चंद्र पाहून शेजारचे नाना म्हणाले, "एवढ्यासाठी एवढं?" पण त्या बत्ताशावर डाग स्पष्ट होते, कारण चंद्रावर ऊन असते. आपल्याकडे रात्र असली तरी त्याच्याकडे दिवस असतो; शटर दिवसाच्या मापाने मिटले तरच तो नीट उमटतो, नाहीतर पांढरा ठिपका होऊन बसतो. नानांना हे पटले आणि त्यांनी दुधाचा दुसरा पेला घेतला.

दिवाळीत या भिंगाने मला खरा धडा दिला. कुंपणाच्या भिंतीवर आठ पणत्या ओळीने लावल्या होत्या. पहिलीपासून आठवीपर्यंत अंतर सहा फूट. मी २४ मिलिमीटर लावून पहिल्या पणतीपासून दोन फुटांवर बसलो. आठवी पणती माझ्यापासून आठ फुटांवर होती. चित्रात पहिली पणती आठवीच्या चौपट मोठी आली; ओळ निमुळती होत दूर कुठे अंधारात गेल्यासारखी. मग मी तसाच दहा फूट मागे सरकलो आणि कडे फिरवून १४४ वर आणले, म्हणजे पहिली पणती पूर्वीएवढीच दिसू लागली. आता ती बारा फुटांवर होती आणि आठवी अठरा फुटांवर. चित्रात पहिली पणती आठवीच्या फक्त दीडपट! आठही जणी मांडीला मांडी लावून बसल्यासारख्या जवळ आल्या.

पणत्या त्याच, भिंत तीच, पहिली पणती तेवढीच मोठी; तरी दोन चित्रे दोन गावांची वाटावीत. हा फरक भिंगाने केला असे पुष्कळ जण समजतात. वास्तविक तो माझ्या दहा फूट मागे सरकण्याने झाला. जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे एकमेकींशी प्रमाण ठरते ते आपण कुठे उभे आहोत त्यावरून. भिंग फक्त चौकट आवळते किंवा सैल करते. म्हणून जागेवर बसल्या बसल्या कडे फिरवून चित्रे घेणाऱ्याला चौकटी अनेक मिळतात, नजर एकच. माझे ५० मिलिमीटरचे भिंग मला उठायला लावत असे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बहुतेक काम असल्याच ५० मिलिमीटरच्या भिंगावर केले, आणि त्यांचे जगभर नाव झाले ते काही केवळ भिंगामुळे नव्हे. ते माणसांच्या अगदी जवळ पोचत असत. तेव्हा झूम वापरणाऱ्यांना माझे सांगणे इतकेच, की आधी पाय हलवावेत, मग कडे. कुठून पाहायचे ते ठरले, की केवढे पाहायचे ते भिंगाला विचारावे.

हे झाले पणत्यांचे. पणत्यांना आपण कुठून पाहतो याचे सुखदुःख नसते. माणसांना असते.

मंडईत वसुबारसेच्या आदल्या दिवशी एक बाई मातीच्या पणत्या घेऊन बसल्या होत्या. मागे फुले मंडईचा तो अष्टकोनी मनोरा, पुढे लाल पणत्यांचे ढीग, आणि मध्ये पैसे मोजणारा त्यांचा चेहरा. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून २०० लावले. इतक्या दुरून आपण कोणाच्या लक्षात येत नाही असे भिंगवाल्यांना वाटत असते. पण बाजारात बसणाऱ्या माणसाची नजर कोणत्याही भिंगापेक्षा लांब पोचते. बाईंनी मान वर केली आणि साऱ्या मंडईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साहेब, लांबून काय नेम धरताय? जवळ या की!"

'नेम' हा शब्द मला फार नेमका वाटला. मी रस्ता ओलांडला. दोन डझन पणत्या घेतल्या, थोडी घासाघीस केली. ती केली नसती तर बाईंनाच वाईट वाटले असते. मग विचारले, "काढू का फोटो?" त्या म्हणाल्या, "काढा, पण पोराला पण घ्या." ढिगामागून सहा-सात वर्षांचा एक मुलगा बाहेर आला. रस्त्यापलीकडून तो दिसतच नव्हता. पणत्यांना गेरू तोच लावत होता. कोपरापर्यंत लाल झालेला. ३५ मिलिमीटरवर, चार फुटांवरून घेतलेल्या त्या चित्रात बाई आहेत, पोरगा आहे, त्याचे लाल हात आहेत. दुरून घेतलेल्या चित्रात एक सुंदर चेहरा आहे. भिंगाची परीक्षा म्हणून पाहिले तर पहिले चित्र सरस. पण त्या दिवशी मंडईत काय होते असे कोणी विचारले, तर मी दुसरे काढून दाखवतो.

होमाई व्यारावाला यांचे नाव येथे आठवते. नवसारीला १९१३ साली जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या बाई भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याच्या आगेमागेचे दिल्लीतले कितीतरी प्रसंग आज आपण त्यांच्या डोळ्यांनी पाहतो. १९७० साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. नव्या छायाचित्रकारांची वागण्याची रीत आपल्याला रुचेना, असे त्या पुढे सांगत. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१२ साली त्या गेल्या. कोणासमोर, किती अंतरावर, कसे उभे राहावे हा त्यांच्या लेखी धंद्याचा भाग होता. आता तर अंतर हा प्रश्नच भिंगाने सोडवून टाकला आहे, आणि म्हणून रीतीचा प्रश्न अधिकच आपल्या गळ्यात आला आहे.

तो माझ्या घरात कसा आला, ते सांगून संपवतो.

माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. कॅमेरा समोर आला की ती शाळेच्या तपासनिसासमोर बसल्यासारखी ताठ होते. तिचा एकही फोटो तिच्यासारखा येत नाही, ही घरातली जुनी तक्रार. धनत्रयोदशीच्या सकाळी ती गॅलरीत वाती वळत बसली होती. कापूस मांडीवर, उन्हाची तिरीप गालावर, आणि ओठांत काहीतरी पुटपुटणे. मी स्वयंपाकघराच्या दारात होतो. मध्ये पंधरा-सोळा फूट. २०० मिलिमीटरला चौकटीत बरोबर चेहरा आणि हात मावले. तेवढाच चेहरा २४ ला भरायचा, तर तिच्यापासून दोन फुटांवर जाऊन बसावे लागले असते. मग नाक मोठे, कान लहान, आणि पुटपुटणे बंद. चित्र असे आले की कन्या म्हणाली, "बाबा, भिंगाचे पैसे फिटले." सौभाग्यवतींनीही सोन्याचा भाव त्या दिवसापुरता मागे घेतला.

संध्याकाळी आईला दाखवले. तिने चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि म्हणाली, "ही मी कुठली? ही तर माझी आई."

आम्ही हसलो. ती हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "छान आहे. पण हा भिंतीवर लावू नकोस."

भिंतीचे नाव कोणी काढले नव्हते. पण आपल्या घरांत म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो मोठा करून भिंतीवर केव्हा जातो, हे तिला ठाऊक होते आणि आम्हालाही. कन्या तरीही म्हणाली, "अगं आजी, यातच तू खरी दिसतेस!"

"खरी तुम्हाला गं. तुम्ही मला रोज बघता. पुढं येणारी पोरं काय बघणार? तो फोटोच ना? मग मला जरा नीट बसून घेऊ दे."

या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि अजून नाही. न कळत टिपलेला चेहराच खरा, असे आम्ही हौशी मंडळी धरून चालतो. पण माणूस स्वतःला ज्या रूपात मागे ठेवू इच्छितो, तेही त्याचेच असते की! त्यावर दुसऱ्या कोणाहीपेक्षा त्याचा हक्क आधी.

पाडव्याला तिने ठेवणीतली इरकल नेसली, केस स्वतः विंचरले आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसली. मी सहा फुटांवर, भिंग ८५ वर. प्रत्येक चित्र ती मागच्या पडद्यावर पाहायची आणि "पुसून टाक" म्हणायची. अकरा पुसली. मधल्या वेळात बोलत होती. लग्नानंतर स्टुडिओत काढलेला जोडीचा एकच फोटो; त्यात फोटोवाला "हलू नका" म्हणाला आणि त्या दिवसापासून कॅमेऱ्यासमोर आपण हललो नाही, असे म्हणाली. आणि मग सहज म्हणाली, "माझ्या आईचा तर एकसुद्धा फोटो नाही. कोणी काढलाच नाही. कशी दिसायची ते माझ्याबरोबर जाणार, असं वाटायचं."

बारावे चित्र तिला पसंत पडले. त्यात ती ताठ नाही आणि पुटपुटतही नाही. समोर बसलेल्या माणसाकडे पाहावे तशी माझ्याकडे पाहते आहे. ते मोठे करून आणले आहे आणि कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहे. त्याची कोणाला घाई नाही.

पंधरा फुटांवरून टिपलेल्या त्या पहिल्या चित्राची एक लहान प्रत तिने मागून घेतली. ती तिच्या पोथीत असते. सकाळी पोथी उघडली की आधी ती प्रत बाहेर काढते, क्षणभर पाहते आणि मग वाचायला लागते.